साखळी, रॉड आणि चुनखडी : कॅन्ससच्या चेस काउंटीतले चार दिवस

पहिला दिवस

लेक विचिटाला विमानांच्या कंपनीत आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं तिच्याकडे उतरलो आणि दहा दिवसांत विचिटा संपलं. नदीकाठ झाला, संग्रहालयं झाली, भारतीय किराणा दुकानात कढीपत्त्याची चौकशीसुद्धा झाली. मग एका रात्री ती म्हणाली, "बाबा, चार दिवस रजा टाकते. तुम्हाला आवडेल अशी जागा आहे. जुनी कचेरी, दगडी कुंपणं, आणि जमिनीची रेकॉर्डं." भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं साखळी ओढलेल्या माणसाला याहून मोठं आमिष कुठलं? हिचा प्रश्न वेगळा होता. "तिथे खायला काय मिळतं?"

"बीफ," लेक म्हणाली.

त्या रात्री दशम्या झाल्या, शेंगदाण्याची चटणी झाली, आणि छोटा कुकरसुद्धा गाडीच्या डिकीत जाऊन बसला.

टोलरस्ता कॅसोडेला सोडला आणि १७७ नंबरच्या दुपदरी रस्त्याला लागलो. कॅन्सस म्हणजे पोळपाटासारखा सपाट, असं ऐकून होतो. इथे ते खोटं पडतं. एकामागून एक बुटके, गोल माथ्याचे डोंगर, आणि त्यांवर झाड म्हणून नाही. माण-खटावची माळरानं डोळ्यांपुढे आणा आणि त्यांतल्या बाभळी काढून टाका. या टापूला फ्लिंट हिल्स म्हणतात. जमिनीखाली वीतभरावर चुनखडीचे थर, त्यांत गारगोटीच्या जातीचा चकमकीचा दगड. पूर्वेकडून आलेल्या शेतकऱ्यांनी नांगर घातले, फाळ मोडले, आणि नाद सोडला. उत्तर अमेरिकेत एकेकाळी १७ कोटी एकरांवर उंच गवताचं रान होतं. आज त्यातलं चार टक्केही उरलेलं नाही, आणि जे आहे त्यातलं बहुतेक या डोंगरांवर. काळ्या मातीचं रान नांगराखाली गेलं, खडकाळ ते वाचलं.

आता कबुली. फोटोत पाहिलं होतं की गवत घोड्याच्या पोटाला लागतं. प्रत्यक्षात ते माझ्या घोट्यालाही लागत नव्हतं. उंच गवत सप्टेंबरात, हे लेकीला माहीत होतं. "तिकीट तुम्हीच एप्रिलचं काढलंत," असं म्हणून ती मोकळी झाली. एप्रिलात इथले लोक रान पेटवतात. जुनं वाळलेलं गवत जळतं, झुडपं मरतात, आणि जो नवा कोंब येतो त्यावर बैल झपाट्यानं अंगाला लागतात. त्यामुळे अर्धे डोंगर कोळशासारखे काळे आणि उरलेले पोपटी, असा देखावा होता. रस्त्याजवळच एक माणूस चार चाकांच्या छोट्या गाडीवर बसून हळूहळू चालला होता. हातातल्या डब्याच्या नळीतून पेटतं तेल ठिबकत होतं आणि त्याच्यामागे आगीची रेघ उमटत होती, वाऱ्याच्या उलट अंगाला, अगदी सावकाश. आपल्याकडे कोकणात राब भाजतात ते वाफ्यापुरतं. इथे डोंगरच्या डोंगर भाजतात. हिनं काच वर केली. "यांना कुणी ओरडत नाही?" ओरडतात, धूर पार दूरच्या शहरांपर्यंत जातो म्हणून. पण हे काम इथले मूळ रहिवासी, कॉ लोक, गोऱ्यांच्या आधीपासून करत होते.

मॅटफिल्ड ग्रीन हे गाव जेमतेम पन्नास वस्तीचं. त्याच्या अलीकडे-पलीकडे मोठमोठी कुरणं. १८५९ मध्ये युरोपातून आलेला चार्ल्स रॉग्लर नावाचा माणूस इथे स्थायिक झाला. त्याच्या घराण्याच्या रँचचे वाडे आणि गोठे अजून नीट ठेवले आहेत. आम्ही बाहेरूनच पाहिले.

पुढे बझार. नावाला बाजार, प्रत्यक्षात चार घरं. इथे लेकीनं गाडी कडेला घेतली. ३१ मार्च १९३१ रोजी याच डोंगरांत टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं फॉकर विमान कोसळलं आणि आठ माणसं गेली. त्यांत नोट्र डेम विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक न्यूट रॉकनी होता. तो अमेरिकेत घराघरांत माहीत असलेला माणूस. विमानाचा पंख लाकडी होता. आत ओल शिरून डिंकाचे जोड सुटले आणि पंख हवेतच तुटला. रॉकनी गेल्यामुळे देशभर गदारोळ झाला, अपघाताची कारणं जाहीर करण्याचा आग्रह सुरू झाला, आणि प्रवासी विमानं धातूची होऊ लागली. लेकीच्या तोंडून ही हकीकत ऐकताना जाणवलं, तिच्या कामाची सुरुवात अशी कुठल्यातरी काळ्या डोंगरावर आहे. स्मारक खाजगी रानात आहे, परवानगीशिवाय जाता येत नाही. आम्ही गेलो नाही.

मुक्कामाच्या गावी, कॉटनवूड फॉल्सला, पोचेपर्यंत अंधार पडला होता. खिडकीतून दूरच्या डोंगरावर आगीच्या तीन-चार माळा दिसत होत्या. रात्री दोन मैलांवरच्या लोहमार्गावरून मालगाड्या जात राहिल्या. दर गाडीला भोंगा, आणि दर भोंग्याला हिची कूस बदलणं.

दुसरा दिवस

सकाळी ब्रॉडवेवर आलो. न्यूयॉर्कचा नव्हे, कॉटनवूड फॉल्सचा. विटांनी फरसबंदी केलेला रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना एकोणिसाव्या शतकातली दगडी दुकानं, उत्तर टोकाला नदी, आणि दक्षिण टोकाला, थोड्या उंचवट्यावर, कचेरी. मी रस्त्यातच थांबलो. साडेआठशे वस्तीच्या गावाला ही इमारत म्हणजे वाडीच्या चावडीवर वाड्याचा नगारखाना.

चेस काउंटीची ही कचेरी १८७३ मध्ये पुरी झाली. आराखडा जॉन हॅस्केलचा. टोपेकाच्या विधानभवनाच्या कामातलाही हाच वास्तुकार. फ्रान्समध्ये तेव्हा चलती असलेली धाटणी त्यानं या रानात आणून बसवली. लाल मॅन्सार्ड छप्पर, म्हणजे चारी बाजूंनी दोन टप्प्यांत उतरणारं, त्यावर लोखंडी नक्षी, मध्ये घड्याळाचा मनोरा. कॅन्ससमध्ये अजून वापरात असलेली ही सगळ्यांत जुनी काउंटी कचेरी. काउंटी झाली १८५९ मध्ये आणि नाव दिलं ओहायोच्या सॅमन चेस यांचं, कारण कॅन्सस गुलामगिरीमुक्त राज्य व्हावं म्हणून ते झगडले होते. पुढे ते अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. ज्या साली ही इमारत उठली त्याच साली पुण्यात सत्यशोधक समाज निघाला, हे सहज आठवलं. १८७३ हे साल डोक्यात राहू द्या, चौथ्या दिवशी लागेल.

दगडाजवळ गेलो. आपल्या काळ्या पाषाणाला सरावलेल्या डोळ्यांना हा पांढुरका, सायीच्या रंगाचा दगड आधी फिका वाटतो. पण वीतभर अंतरावरून पाहा. दगडात गव्हाचे दाणे आहेत! म्हणजे तसेच दिसतात. मी बोट फिरवलं तर खरखरीत लागले. हिनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "गहू नाही, जिरेसाळ." हे फ्युझुलिनिड नावाच्या सूक्ष्म समुद्री जीवांचे जीवाश्म, जवळपास तीस कोटी वर्षांपूर्वीचे. या रानावर तेव्हा उथळ समुद्र होता. कॉटनवूड चुनखडी म्हणून हा थर प्रसिद्ध आहे, आणि टोपेकाच्या विधानभवनाचा बराचसा भाग याच काउंटीच्या दगडाचा आहे.

आत शिरल्यावर जिना. काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा, तीन मजले गोल वळत गेलेला. लाकूड याच नदीकाठचं. मध्ये खांब नाही. कठड्यावरून दीडशे वर्षं हात फिरून तो असा गुळगुळीत झाला आहे की आपला हातही आपोआप तिथे जातो. खाली उभं राहून वर पाहिलं तर शंखाच्या आत पाहिल्यासारखं वाटतं. वर एक लंबगोल खिडकी, आणि तिच्यातून ब्रॉडवे सरळ नदीपर्यंत. इमारतीतच जुना तुरुंगही आहे, लोखंडी पट्ट्यांचा. सुनावणी, शिक्षा आणि कोठडी एकाच छपराखाली. आरोपीला पायपीट नाही.

आता माझा खरा विषय. इथे जमिनीचे दस्त ठेवणारा अधिकारी लोकांनी मतं देऊन निवडायचा असतो. शेरीफ, म्हणजे इथला पोलीसप्रमुख, तोही निवडून, खजिनदारही निवडून. मी हे ऐकून थोडा वेळ गप्प राहिलो. आमच्या उपअधीक्षकांना मतं मागत दारोदार फिरावं लागलं असतं तर, हा विचार मनात आला आणि तो मी फार लांबवला नाही. खिडकीमागच्या बाईंना लेकीनं सांगितलं, "माझे वडील भारतात सर्व्हेअर होते." त्यांनी एक मोठं नकाशांचं पुस्तक समोर ठेवलं.

आमच्याकडे गावाची हद्द नाल्यानं जाते, बांधानं जाते, जुन्या पिंपळाच्या बुंध्याला वळसा घालून जाते. इथे सगळं चौकोनात. सहा मैल बाय सहा मैल म्हणजे एक टाउनशिप, तिचे छत्तीस सेक्शन, एका सेक्शनचे ६४० एकर, आणि त्याचा चतकोर म्हणजे १६०. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं पाच वर्षं राहून कसणाऱ्याला द्यायचे ते हेच १६० एकर. कॉटनवूड फॉल्सचा पत्ता : टाउनशिप १९ दक्षिण, रेंज ८ पूर्व. म्हणजे नेब्रास्काच्या सीमेपासून खाली सहा-सहा मैलांची एकोणिसावी रांग, आणि सहाव्या मुख्य रेखावृत्तापासून पूर्वेला आठवा पट्टा. हे रेखावृत्त विचिटातून जातं. तिथला मेरिडियन नावाचा रस्ता त्याच्यावरच आहे. लेक रोज त्या रस्त्यानं कामावर जाते आणि तिला हे माहीत नव्हतं. बापाला चार दिवस फिरवल्याचं निदान एवढं तरी फळ.

मोजमापही ओळखीचं निघालं. यांची गुंटर साखळी ६६ फुटांची, आमची ३३ फुटांची, सोळा आण्यांची, आणि साखळीचा चौरस म्हणजे गुंठा. यांचा रॉड साडेसोळा फुटांचा. म्हणजे बरोबर आठ आणे. दोन्हीकडे माप विलायतेतून आलेलं, चुलत भावंडंच म्हणायची. मी वहीत गणित मांडून बाईंना दाखवलं, १६० एकर म्हणजे ६,४०० गुंठे. त्या म्हणाल्या, "ऐकायला श्रीमंत वाटतं."

दुपारी नदीवर गेलो. १९१४ चा काँक्रीटचा कमानी पूल आता फक्त चालणाऱ्यांसाठी आहे. पलीकडे दोन मैलांवर स्ट्राँग सिटी. रेल्वे आली १८७१ मध्ये, ती कॉटनवूड फॉल्सला न येता नदीच्या पलीकडून गेली, आणि तिथे कॉटनवूड स्टेशन नावाचं दुसरं गाव उभं राहिलं. पुढे सांता फे रेल्वेचे अध्यक्ष विल्यम स्ट्राँग यांचं नाव त्याला लागलं. एका गावाला कचेरी, दुसऱ्याला स्टेशन, आणि मधे घोड्यांची ट्राम चालायची. १९१३ चं स्टेशन अजून उभं आहे, फक्त उतारूंची गाडी थांबत नाही. काउंटीची वस्ती १९०० च्या सुमारास आठ हजारांवर होती, २०२० च्या जनगणनेत २,५७२ भरली. आमच्या तालुक्यातलं एखादं मधलं गाव.

उजेड होता म्हणून बारा मैलांवर क्लेमेंट्सचा पूलही उरकला. उरकला म्हणतो, पण तो तसा उरकण्यासारखा नाही. १८८६ ते ८८ मध्ये बांधलेला, दोन कमानींचा, घडीव दगडाचा, आता वाहनांना बंद. कमानीचे दगड इतके घट्ट बसले आहेत की फटीत नख जात नाही. कृष्णेवरच्या जुन्या दगडी पुलांवर वाढलेला माणूस मी, सहज कौतुक करत नाही. हा पूल मात्र पुलाखाली उतरून पाहिला, आणि वर येताना लेकीनं हात दिला. बूट चिखलात गेले ते दोन दिवस वाळले नाहीत.

तिसरा दिवस

स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला दोन मैलांवर टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह. १९९६ मध्ये झालं, क्षेत्र १०,८९४ एकर. यात माझ्या दृष्टीनं गंमत म्हणजे मालकी. राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर जमीन सरकारची असं आपण धरतो. इथल्या रँचवाल्यांना केंद्र सरकार शेजारी नको होतं. तडजोड अशी निघाली की सरकारनं फार तर १८० एकर आपल्या नावावर करावेत. बाकीची जवळजवळ सगळी द नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेची. देखरेख मात्र दोघांची मिळून. सातबाऱ्यावर अशी नोंद घालायची वेळ आली असती तर कुठल्या रकान्यात घातली असती, यावर मी सकाळभर विचार केला.

स्टीफन जोन्स नावाचा गुरांच्या धंद्यात पैसा केलेला माणूस १८७८ मध्ये इथे आला. १८८१ मध्ये त्यानं टेकडीच्या उतारावर अकरा खोल्यांचा दगडी वाडा बांधला. कचेरीसारखंच मॅन्सार्ड छप्पर, आणि समोर पायऱ्यापायऱ्यांच्या बागा. दगड स्ट्राँग सिटीच्या बार्नी लँट्रीच्या खाणींतला. हा लँट्री मोठा कंत्राटदार, रेल्वेची दगडी कामं करणारा. दहा वर्षांच्या आत जोन्सनं ही सगळी रँच त्यालाच विकली. मालकानं हौसेनं बांधावं आणि गवंड्यानं विकत घ्यावं, असा किस्सा मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

वाड्यापेक्षा गोठा भारी. तीन मजली, ११० फूट बाय ६० फूट. मी तिथेच हिशेब केला : सहा गुंठ्यांचा गोठा. टेकडीचा उतार वापरून दगडी उतरंडी अशा बांधल्या आहेत की वैरणीची गाडी बैल-घोड्यांसकट थेट वरच्या मजल्यात शिरावी आणि तिथून वैरण खाली ढकलावी. आत थंडगार. जुन्या लाकडाचा, वाळल्या गवताचा वास. लेक वर गेली, मी खाली तुळया मोजत राहिलो, आणि ही म्हणाली, "एवढ्या गोठ्यात शेणाचा वास कसा नाही?" खरंच नव्हता. जनावरं जाऊन फार दिवस झाले.

बाजूला कोंबड्यांचं खुराडं, तेही दगडी आणि छपरावर माती-गवत. बर्फ साठवायची खोली. मांस मुरवायची खोली. आणि शौचालय. तेही घडीव दगडाचं, आत एका ओळीत तीन भोकं. हिनं आत डोकावून पाहिलं आणि बाहेर येऊन बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिघांनी एकदम?" लेकीनं रेंजरला विचारायचं नाकारलं. त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात अजून चर्चेत आहे.

मग कुंपण. चुना नाही, माती नाही, नुसत्या दगडावर दगड. कोकणातला गडगा. या रँचवर असा गडगा तीस मैल आहे. त्यामागे कायदा आहे. १८६७ मध्ये कॅन्सस सरकारनं मोकाट चराई बंद केली आणि साडेचार फूट उंचीचं दगडी कुंपण घालणाऱ्याला रॉडमागे ४० सेंट द्यायचं ठरवलं. रॉडमागे ४० म्हणजे आमच्या साखळीमागे ८०. तीस मैलांचे होतात ९,६०० रॉड. त्या दरानं ३,८४० डॉलर. मी एका ठिकाणी बसून गडग्याची रचना पाहिली. बाहेरच्या दोन रांगा मोठ्या दगडांच्या, मधली पोकळी कपच्यांनी भरलेली, काही अंतरावर आरपार जाणारा लांब दगड, आणि माथ्यावर उभे लावलेले चपटे. आमचे वडार हेच करतात. चकमकीचे तुकडे हाताला लागतात ते सुरीसारखे. माझं बोट कापलं. हिनं हळद काढली. ती प्रवासात हळद का बाळगते, हे मी लग्नानंतर चाळीस वर्षांनी विचारायचं सोडून दिलं आहे.

दुपारी डोंगरावर चालत गेलो. २००९ मध्ये दक्षिण डकोटाहून तेरा बायसन आणून सोडले, आता मोठा कळप आहे. शंभर यार्डांच्या आत जाऊ नका, अशी पाटी. आम्ही पाळायला तयार होतो, पण पाटी बायसनला वाचता येत नाही. एक दांडगा पायवाटेवरच रवंथ करत बसला होता. गव्याएवढा असेल, पण पुढून केसाळ आणि मागून उतरता, जणू दोन वेगळ्या जनावरांचे भाग जोडलेत. वीस मिनिटं वाट पाहिली. तो उठला नाही. आम्ही परतलो.

येताना लोअर फॉक्स क्रीकची शाळा. टेकडीवर एकटीच, १८८२ मधली, एका खोलीची, माथ्यावर घंटेचा छोटा मनोरा. १९३० पर्यंत भरत होती. आत लहान बाकं, फळा, मधे शेगडी. ही जिल्हा परिषदेच्या शाळेत एकशिक्षकी वर्ग चालवलेली बाई. सरळ फळ्यापाशी गेली आणि तिथून सगळ्या बाकांवर एकदा नजर फिरवली. "मागच्या बाकावरचा पोरगा इथून दिसत नाही," एवढंच म्हणाली. खिडकीतून मात्र सगळं दिसतं. रान, रान आणि रान. लेकरांचं लक्ष फळ्यावर कसं राहत असेल कोण जाणे.

चौथा दिवस

उत्तरेला मॉरिस काउंटीत काउन्सिल ग्रोव्ह. काउंटी बदलली, पण हे बघितल्याशिवाय मागचे तीन दिवस अर्धे राहतात, असं लेकीचं म्हणणं आणि ते बरोबर निघालं.

मिझुरीहून सांता फेला जाणारी व्यापारी वाट इथून जायची. १० ऑगस्ट १८२५ रोजी इथल्या ओकच्या राईत अमेरिकी सरकारच्या आयुक्तांनी ओसेज या मूळ रहिवासी लोकांशी करार केला. ८०० डॉलरच्या बदल्यात वाट मोकळी. त्या आयुक्तांबरोबर जोसेफ ब्राउन नावाचा मोजणीदार होता, साखळी धरून वाट मोजत चाललेला. आमच्या बिरादरीतला माणूस. ज्या ओकखाली करार झाला म्हणतात तो १९५८ मध्ये वादळात पडला. बुंधा छपराखाली जपून ठेवला आहे. दुसऱ्या एका ओकच्या बुडाशी प्रवासी चिठ्ठ्या ठेवायचे आणि मागून येणारे त्या उचलायचे. तोही आता वठलेला. १८५७ चं 'लास्ट चान्स' दुकान पाहिलं, पीठ-मीठ घ्यायची शेवटची संधी. त्यापुढे सांता फेपर्यंत सहाशेहून अधिक मैल. ही दारावर नाव वाचून म्हणाली, "घाटाच्या पायथ्याच्या टपरीसारखं." १८५१ ची कॉ मिशनची दगडी शाळा भक्कम आहे. कॉ मुलांना गोऱ्यांच्या पद्धतीनं शिकवायला मेथडिस्टांनी काढली आणि तीन वर्षांत, १८५४ मध्ये, बंद पडली. कॉ आईबाप आपली पोरं पाठवायला राजी नव्हते. आले ते बहुतेक अनाथ.

कॉ म्हणजे ज्यांच्यावरून कॅन्ससचं नाव पडलं ते लोक. शहराबाहेर तीनेक मैलांवर त्यांची जागा आहे, त्यांच्या सरदाराच्या, अलेगावाहोच्या नावानं. तिथे पोचलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. ओढा, गवत, आणि गवतात दगडी भिंतींचे अवशेष.

मी वही काढली, कारण मला आकड्यांशिवाय दुसरं काही येत नाही. १८४६ च्या करारानं कॉ लोकांना इथे वीस मैल बाय वीस मैलांचं राखीव रान दिलं : २,५६,००० एकर. १८५९ च्या करारानं ते नऊ बाय चौदा मैलांवर आणलं : ८०,६४०. मग सरकारनं त्यांना घरं बांधून दिली, शंभराहून अधिक, लहान, चौकोनी, दगडी. आमच्यासमोर पडलेल्या भिंती त्यांच्याच. कॉ लोकांनी त्या घरांत घोडे बांधले आणि स्वतः आपल्या जुन्या पद्धतीच्या घरांतच राहिले. लेक हसली. मलाही हसू आलं, मग नाही आलं. १८७३ मध्ये त्यांना उठवून आजच्या ओक्लाहोमात नेलं. दक्षिणेला वीसेक मैलांवर कॉटनवूड फॉल्सच्या कचेरीचं लाल छप्पर चढलं ते त्याच वर्षी. तिथल्या नकाशाच्या पुस्तकातले चौकोन मला दोन दिवसांपूर्वी किती नेटके वाटले होते.

२००० मध्ये कॉ नेशननं ही जागा विकत घेतली. आपलीच, पैसे देऊन. क्षेत्र साधारण दीडशे-पावणेदोनशे एकर, म्हणजे एका क्वार्टर सेक्शनच्या आसपास. होमस्टेडवाल्याला फुकट मिळायचं तेवढं.

जवळच एक मोठा तांबडा दगड आहे, कित्येक टनांचा. क्वार्टझाइट, इथल्या चुनखडीशी त्याचं काही नातं नाही. हिमनदीनं उत्तरेकडून वाहून आणलेला. कॉ लोकांचं तो दैवत. १९२९ मध्ये लॉरेन्स शहरानं तो नदीकाठावरून उचलून आपल्या बागेत नेला आणि गोऱ्या वसाहतकारांच्या स्मरणार्थ त्यावर पाटी ठोकली. २०२४ मध्ये तो कॉ लोकांच्या हाती परत आला आणि इथे बसवला. हिनं लांबूनच हात जोडले. आपल्याकडे रानातला दगड शेंदूर नसला तरी कळतो, कुठला नुसता दगड आणि कुठला नाही.

पावसाचे थेंब पडायला लागले. गाडीच्या बॉनेटवर उरलेल्या दोन दशम्या आणि चटणी खाल्ली. मग वहीत आकडे एकाखाली एक लिहिले : २,५६,०००, ८०,६४०, शून्य, आणि शेवटी अंदाजे १६०. बेरीज-वजाबाकी काहीच करायची नव्हती. तरी सवयीनं खाली रेघ ओढली गेली. तोवर लेकीनं गाडी सुरू केली होती.